वाळवी व घरगुती उपाय

दाराच्या चौकटीस वाळवी लागली, कीं आपल्या घरोघर प्रथम घासलेटाची बाटली निघते. कोणी मिठाचें पाणी शिंपितो, कोणी कडुनिंबाचें तेल चोळितो. हे उपाय अगदींच निरर्थक आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांनीं काय साधतें व काय साधत नाहीं, हें पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें.

वाळवीस पुष्कळ लोक पांढरी मुंगी म्हणतात. वस्तुतः तिचें नातें झुरळाशीं आहे. चौकटीवर दिसते ती केवळ चारा नेणारी कामकरी वाळवी होय. तिची राणी जमिनीच्या पोटांत वारुळामध्यें सुरक्षित असून रोज हजारों अंडीं घालूं शकते. तेव्हां घासलेटानें शेंपन्नास कामकरी मेल्या, तरी ती उणीव लौकरच भरून निघते. घासलेट उडून जातें, मीठ पावसाळ्यांत ओल धरतें, आणि चुलीजवळचें तेलकट लांकूड पेट घेण्याचें भय राहतें तें निराळेंच.

मग खरा घरगुती उपाय कोणता? आमच्या मतें तो बाटलींत नसून सवयींत आहे. वाळवीचें अंग मऊ असून उघड्या हवेंत तें सुकतें. म्हणूनच ती मातीच्या नळीआडून चालते. तिला ओल व आडोसा हवा. हीं दोन्ही काढून घेणें प्रत्येक घरास साध्य आहे. गळकी मोरी व फुटकीं कौलें वेळींच दुरुस्त करावीं. सरपण भिंतीस लावून रचूं नये. पुस्तकांचें कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावें. मृगाच्या सरींनंतर खिडकीपाशीं गळलेल्या पंखांचा खच दिसल्यास वारूळ जवळच आहे असें समजावें. मातीची नळी दिसतांच फोडावी व चार दिवसांनीं पुन्हा पाहावें. ती नव्यानें बांधलेली आढळल्यास वाळवी अद्याप नांदत आहे हें निश्चित. भारतीय मानक ६३१३ हें वाळवीविषयींच आहे. त्याचा पहिला भाग औषधांचा नसून बांधकामांतील दक्षतेचा आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

मात्र तुळई ठोकली असतां पोकळ वाजूं लागली, तर जाणत्या माणसासच बोलवावें. तेथें काटकसर म्हणजे छपराखालीं निजणाऱ्या मुलांच्या जिवाशीं खेळ होय. बाजारांतलें विष आपण होऊन घरांत ओतणेंही तितकेंच घातक. एके काळीं याच कामीं वापरलें जाणारें अल्ड्रीन आपल्या देशांत १९९६ सालीं बंद करावें लागलें, हें विसरूं नये.

विद्यार्थ्यांनो, दर शनिवारीं घरांतील चौकटी व पुस्तकांचे कप्पे एकदां तपासण्याचें काम तुम्ही आपल्याकडे घ्या. वडिलांनीं जपून ठेवलेले घराचे कागद एका पावसाळ्यांत माती होऊं शकतात. त्यांची राखण करण्यास पैसा नव्हे, नियमितपणा लागतो.