सात दिवसांनंतरचा रुग्ण

लखनऊ छावनीत सैन्याच्या मध्य विभागाचे कमांड रुग्णालय आहे. सैन्याच्या वैद्यकीय दलाचे प्रशिक्षण केंद्रही याच शहरात आहे. अपघातात जवानाच्या डोक्याला मार बसला, तर उपचाराचा भार राज्यसंस्था उचलते. त्याच्या घरच्यांना दागिने गहाण टाकावे लागत नाहीत. हे योग्यच आहे. परंतु छावनीलगतच्या बांधकामावर परांचीवरून कोसळणाऱ्या कंत्राटी मजुराचा त्या रुग्णालयावर हक्क नाही. त्याला शहरातील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाच्या ट्रॉमा सेंटरची वाट धरावी लागते. तेथे सीतापूर, हरदोई, बहराईचपासून आलेल्या जखमींची आधीच रीघ लागलेली असते.

कवटी ही बंद पेटी आहे. आत रक्त साकळले वा सूज चढली की मेंदूच दाबला जातो. पहिल्या काही तासांत सी.टी. स्कॅन, शस्त्रक्रिया आणि श्वासोच्छ्वासाचे यंत्र मिळाले तर प्राण वाचू शकतो. पण वाचलेला माणूस बरा झालेला असतोच असे नाही. फेफरे, लुळे पडलेले अंग, हरवलेली स्मृती, बदललेला स्वभाव यांच्याशी झुंज महिनोन्‌महिने, कधी जन्मभर चालते. अतिदक्षता विभागातील खाट अशा रुग्णाने आठवडेच्या आठवडे अडून राहते आणि बाहेर दुसरा जखमी स्ट्रेचरवर तिष्ठत पडतो. रुग्णाला घरी नेले की परिचारिकेचे काम बायकोच्या वा आईच्या अंगावर येते आणि तिची मजुरी बुडते. एका आघाताने घरातील दोन कमावती माणसे कामातून उठतात.

२०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांपैकी २२,५९५ एकट्या उत्तर प्रदेशातील होते, महाराष्ट्रातील १५,२२४. हेल्मेट नसलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा मृत्यू झाला. हेल्मेटचा आग्रह धरलाच पाहिजे. पण पायी चालणाऱ्याला आणि परांचीवरच्या गवंड्याला तो उपदेश पुरत नाही.

मग कायदा काय म्हणतो? १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर आगगाडीतून पडला आणि त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. एकामागून एका सरकारी रुग्णालयाने त्याला परत पाठविले. अखेर खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये मोजावे लागले. शेतमजुरांच्या संघटनेने दाद मागितली. वेळेवर उपचार न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची टंचाई ही सबब राज्याला चालणार नाही, असा निर्णय १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. संघटनेच्या झगड्याने मिळालेले हे हत्यार आजही धारदार आहे.

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते-अपघातातील जखमींसाठी दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडरहित उपचाराची योजना जाहीर केली. तिची मुदत सात दिवसांची. आयुष्मान योजनेचा हात रुग्णालयातून सुटल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंत पोहोचतो. मेंदूचा रुग्ण आठव्या दिवशी कित्येकदा शुद्धीवरही आलेला नसतो आणि सोळाव्या दिवशी त्याला घास गिळता येत नाही. सरकारी हिशेब रुग्णालयाच्या दारापाशी मिटतो. कष्टकऱ्याचा खरा खर्च तेथूनच सुरू होतो. परांचीवरून पडलेला मजूर तर रस्ते-अपघाताच्या योजनेत बसतच नाही.

जवानाला मिळते त्यात कपात करा, असे कोणी म्हणत नाही. तेच सर्वांना मिळावे, एवढेच म्हणणे आहे. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुण्याजवळ खडकीला पुनर्वसन केंद्र चालते. म्हणजे अशी व्यवस्था उभारणे या देशाला अशक्य नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात स्कॅनची चोवीस तास सोय, मेंदूच्या रुग्णांसाठी सरकारी पुनर्वसन कक्ष, शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबीयाला निर्वाहभत्ता आणि कामावरच्या अपघाताची संपूर्ण जबाबदारी कंत्राटदारासह मूळ मालकावर, या मागण्या कामगार आणि शेतमजूर संघटनांनी आपल्या मागणीपत्रकांत घातल्या पाहिजेत. वेतनवाढीने जे मिळवायचे, ते एका अपघातात गमवावे लागत असेल, तर रुग्णालयाचा प्रश्न हाही वेतनाचाच प्रश्न आहे.