अंगुलिमालाला पडलेले दगड

धर्मग्रंथ पापी माणसाची आठवण कशी ठेवतात, हा प्रश्न पंडितांचा वाटतो. पारधी तरुणासाठी भाड्याची खोली शोधताना आम्हाला तो दारोदार भेटतो.

मनुस्मृतीचा नववा अध्याय महापातक्याच्या कपाळावर डाग द्यायला सांगतो. दारू पिणाऱ्याला गुत्त्याची खूण, चोराला कुत्र्याच्या पायाची. अकराव्या अध्यायात तर पाप पुढच्या जन्मी शरीरावर उमटतं: सोनं चोरलं तर नखं खराब, सुरा प्यायली तर दात काळे. म्हणजे जन्मतः व्यंग असलेला माणूस आपोआप मागच्या जन्मीचा गुन्हेगार! ना पुरावा, ना साक्षीदार. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला हे पुस्तक जळलं. हा तर्क मात्र अजून जळायचा आहे.

आता अंगुलिमाल घ्या. मज्झिम निकाय त्याचे खून लपवत नाही. भिक्षू झाल्यावरही भिक्षेला गेला की दगड-ढेकळं लागून त्याचं डोकं फुटतं, भिक्षापात्र फुटतं, चीवर फाटतं. बुद्ध त्याला सोसायला सांगतात. (मेलेली माणसंही कुणाची तरी होतीच ना.) पण त्याच्यासाठी घोडेस्वार घेऊन निघालेला पसेनदी राजा समोर बसलेला भिक्षू पाहून त्याला चीवर, भोजन देऊ करतो. श्रीलंकेत आजही गरोदर बाईसाठी अंगुलिमाल परित्त म्हणतात. खुन्याचं नाव, तेही बाळंतपणात!

ही स्वस्त माफी नव्हे. पितृहत्येची अजातशत्रूची कबुली बुद्धांनी स्वीकारली. पण तो गेल्यावर भिक्षूंना सांगितलं की, हे कृत्य नसतं तर याला इथेच धम्मचक्षू लाभले असते. हिशेब कृत्याचा आहे, कुळाचा नाही.

इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने उलट केलं. अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, पाळण्यातल्या पोरासकट. 1952 ला कायदा गेला, पण मुंबई राज्यात 1959 ला सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि पोलिसांची नजर त्याच वस्त्यांवर राहिली. मनूचा डाग निदान केलेल्या कृत्यावर तरी होता. इथे कृत्यच नाही.

आमच्यासोबतच्या त्या तरुणावर एकही गुन्हा नाही. चौथ्या घरमालकाने आडनाव विचारलं आणि खोली कालच गेली म्हणून सांगितलं. त्याच्या दाराच्या आत बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर होती. आम्ही जय भीम घातला, त्यानेही घातला. पाटी आठवडाभर तशीच लटकत होती.