मरणाचा निरोप अडविणारे प्रथिन

शिशिरात झाडाची पाने गळतात, ती झाड मरावे म्हणून नव्हे, जगावे म्हणून. १९७२ साली केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी पेशींच्या नियोजित मृत्यूला नाव देताना पानगळीच्याच अर्थाचा ग्रीक शब्द निवडला : अपॉप्टोसिस. मातेच्या उदरात गर्भाची बोटे सुटी होतात, ती मधल्या पेशी वेळेवर मरतात म्हणून. हे मरण चुकले की कर्करोगाला वाव मिळतो. अवेळी आले की निरोगी अवयव झिजतात.

पेशीला मरणाचा निरोप पोहोचतो कसा? अनेक पेशींच्या पृष्ठभागावर ‘डेथ रिसेप्टर’ म्हणजे मृत्युग्राहक प्रथिने असतात. त्यांपैकी ‘फास’चे जनुक ओसाका येथे शिगेकाझु नागाता यांच्या गटाने १९९१ मध्ये वेगळे केले. निरोप्या प्रथिन या ग्राहकाला बिलगले की आतली कॅस्पेज ही विकरे जागी होतात आणि पेशी शिस्तीने स्वतःलाच मोडते. संशोधकांनी या ग्राहकाचा केवळ बाहेरचा भाग, त्याच्या जनुकाचा तुकडा दुसऱ्या पेशीत घालून, तयार करून घेतला. हे पुनर्संयोजित विद्राव्य प्रथिन कोणत्याही पेशीला जखडलेले नसते. द्रवात मोकळे फिरते आणि निरोप्याला वाटेतच धरून ठेवते. ते घातल्यावर पेशी वाचल्या, तर त्या कोणत्या निरोपाने मरत होत्या, याचा पुरावाच हाती येतो.

‘याचा सामान्य माणसाला काय उपयोग?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. याच ग्राहककुलातील टीएनएफच्या विद्राव्य ग्राहकापासून घडविलेले ‘एटानर्सेप्ट’ हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत संधिवाताच्या एका दुर्धर प्रकारासाठी संमत झाले. प्रयोगशाळेतील युक्ती आखडलेल्या बोटांपर्यंत पोहोचली.

मात्र अशी संशोधनोपयोगी प्रथिने आपल्या अनेक प्रयोगशाळा आजही परदेशातून मागवितात. मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने विकली जाणारी ही सामग्री थंडाव्यात येईपर्यंत विद्यार्थ्याचा प्रयोग खोळंबतो. आपल्याला हे जमणार नाही, असे म्हणण्यास आधार नाही. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये पुनर्संयोजित हिपॅटायटिस-बी लस देशातच बनवून ती सामान्यांच्या आवाक्यात आणली. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरातील संशोधकांना पेशी पुरविते. त्याच धर्तीवर प्रथिनेही का पुरविली जाऊ नयेत?

मागणी थोडी असल्याने खासगी उद्योग यात सहसा उतरणार नाही. सार्वजनिक संस्थांनीच पुढाकार घ्यावा. परंतु केवळ ‘स्वदेशी’ हा शिक्का पुरेसा नाही. अशुद्ध प्रथिन वर्षभराचे कष्ट वाया घालविते. म्हणून गुणवत्तेची कठोर परीक्षा आधी, अभिमान नंतर. २०२०-२१ मध्ये भारताचा संशोधनावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर स्वावलंबनाची वाट चालता येणार नाही, हे आपण जितक्या लवकर ओळखू तितके बरे.