गुंठ्याएवढा ठिपका

शिरूर तालुक्यातल्या निमोण्याच्या शिवाराचे उपग्रहातून टिपलेले चित्र आज कुणालाही फुकट पाहता येते. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एकराला चाळीस ठिपके. 2015पासूनची ही चित्रे गूगल अर्थ इंजिनवर साठवलेली आहेत. हिशेब तिथल्याच सर्व्हरवर होतो, त्यामुळे आपल्याला साधा लॅपटॉप पुरतो; बिगरव्यावसायिक वापराला पैसेही पडत नाहीत. एवढे सगळे आयते असले, तरी या चित्रांवरून गावातले पीक मोजण्याच्या कामाचा श्रीगणेशा बांधावरच करावा लागतो, असे माझे मत आहे.

कारण उपग्रहाला हिरवे दिसते, पीक कळत नाही. रब्बीचा कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, ऊस मे महिन्यातही उभा असतो; तेव्हा मेच्या चित्रात हिरवे ते ऊस, असा नियम कुणीही बसवील. पण घासाचा वाफाही तेव्हा हिरवाच असतो. कोणता ठिपका कशाचा, हे त्या गटात उभे असलेल्यालाच ठाऊक. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उसावर प्रयोग केला, त्यातही उपग्रहाच्या जोडीला शेतात हवामान केंद्र आणि मातीत सेन्सर लागलेच. आपल्याकडे बांधावरची नोंद मुळात होतेच आहे: 15 ऑगस्ट 2021पासून राज्यभर ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाइलवरून पिकाचा फोटो चढवतात. अनुदान, विम्यासाठी केलेली ही मेहनत सातबाऱ्यावर जाऊन बसते. तिची गाववार बेरीज ग्रामसभेपुढे आली, तर घोड धरणाच्या कालव्याचे आवर्तन मागताना हातात आकडा असेल.

कारखान्याच्या शेतकी खात्याकडे उसाची नोंद असतेच, मग हा उद्योग कशाला, असे कुणी विचारील. ती नोंद त्या कारखान्यापुरती. कांद्याशी तिला कर्तव्य नाही. क्षेत्र कळले की व्यापारी भाव पाडतील, ही शंका जास्त वजनदार आहे. म्हणून गटवार माहिती बंदच ठेवावी, बाहेर फक्त गावाची बेरीज द्यावी. व्यापारी आपला अंदाज आजही बांधतोच. अंधारात राहतो तो शेतकरी. नोंदी चुकीच्या असतात, हेही खरे. त्यासाठी चौथा हिस्सा गट पडताळणीला बाजूला काढावेत, बाकीच्यांच्या नोंदींवरून संगणकाला पीक ओळखायला शिकवावे आणि त्याचे उत्तर बाजूला काढलेल्या गटांवर तपासावे. (क्लाउडवरच्या या कामाचा खरा वैरी ढगच: खरिपात चित्रे झाकली जातात. तेव्हा नवख्याने रब्बीच धरावी.)

शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांतल्या संगणकाच्या विद्यार्थ्यांना हे काम जमण्यासारखे आहे. ग्रामपंचायतीने त्यांना या रब्बीत पन्नास गट नेमून द्यावेत. गट नंबर, पीक, लागणीची तारीख, एवढे तीन रकाने पुरेत. सुरुवातीला वही चालेल.