वस्तऱ्यावरची अक्षरे

शेफील्डमध्ये घडलेला एखादा जुना वस्तरा भिंगाखाली धरला, तर पाते मुठीला मिळते तिथे कधी कधी मुकुट दिसतो आणि त्याच्या दोन अंगांना डब्ल्यू व आर. ही चौथ्या विल्यमची खूण. तो १८३० ते १८३७ अशी सातच वर्षे गादीवर होता, त्यामुळे वस्तऱ्याचे वय तिथेच कळते. त्या जागी ‘इंग्लंड’ हा शब्द असेल, तर माल बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेच्या मॅकिन्ले जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले, त्यानंतरचा.

१९०४ मध्ये जिलेटला सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले आणि हळूहळू हे वस्तरे घराघरांतल्या खणांत जाऊन पडले. आज ते शोधून, विकत घेऊन उजळणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. छंद सुंदर आहे. पण पाते आरशासारखे झाले पाहिजे या हट्टापायी अनेकजण नेमकी ती उथळ अक्षरेच घासून टाकतात, आणि हे थांबायला हवे.

नुकसान केवळ इतिहासाचे नाही. धार लावताना वस्तरा दगडावर आडवा ठेवतात. पाठ आणि धार दोन्ही टेकतात. पाठ किती जाड, यावर धारेचा कोन ठरतो, साधारण सोळा-सतरा अंशांचा. चकाकीसाठी पाठ घासली की कोन अरुंद होतो आणि नाजूक झालेली धार झडू लागते. मोटरवरचे बफिंगचे चाक तर त्याहून घातक. पात्याची पातळ कड क्षणात तापते. ती निळी पडली की पोलादाला दिलेले पाणी उतरले, मग कितीही घासा.

लाल गंज मात्र काढलाच पाहिजे. त्यासाठी तेल, बारीक स्टील वूल आणि दोन-तीन संध्याकाळी पुरतात. काळसर डाग राहिले तर राहू द्यावेत, दाढीला ते आड येत नाहीत. मुठीचे सेल्युलॉइड सडू लागले असेल तर गोष्ट वेगळी. त्यातून सुटणाऱ्या वाफेने पातेच गंजते, म्हणून खिळ्याचे डोके कानशीने घासून ती मूठ काढावीच लागते.

हे वस्तरे ज्यांनी घासून घडवले, ते शेफील्डचे कारागीर फिरत्या दगडापाशी घोड्यावर बसल्यासारखे बसत. वालुकाश्माची धूळ दिवसभर छातीत जाई. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले कितीतरी जण फुप्फुसे निकामी होऊन ऐन उमेदीत गेले. पात्यावर नाव ठोकलेले असते ते मालकाचे. कारागिराचे म्हणून उरते ते मानेजवळच्या बारीक आडव्या रेघांचे जाळे, आणि ४०० नंबरच्या सँडपेपरखाली ते काही मिनिटांत नाहीसे होते.