नाव विकायचे कुणी?



क्रिकेटच्या कपाला कंपनीचे नाव लागते हे आपल्या पोरांनाही पाठ आहे. हिरो कप, टायटन कप, पेप्सी कप. पण अमेरिकेत खेळाच्या मैदानांचीच नावे कंपन्यांना विकतात, आणि ती मैदाने पुष्कळदा लोकांच्या करातून बांधलेली असतात. त्यावरून तिथे भांडणे झाली. त्यातली दोन आपण समजून घेऊ.

पहिले ह्यूस्टन शहरातले. बेसबॉलचे नवे मैदान बांधायचे का, यावर १९९६ मध्ये लोकांचे मतदान झाले. पुढे हॉटेल आणि भाड्याच्या गाड्यांवर कर बसवून ते बांधले. म्हणजे मैदान सार्वजनिक. पण १९९९ मध्ये नाव विकले, तेव्हा लोकांचे मत कुणी घेतले नाही. घेणारी कंपनी एन्रॉन. ३० वर्षांसाठी १० कोटी डॉलर, तेही क्लबला. हीच ती दाभोळची एन्रॉन, जिच्याविरुद्ध लढताना गुहागरच्या बायाबापड्यांनी लाठ्या खाल्ल्या. डिसेंबर २००१ मध्ये तिचे दिवाळे वाजले. हजारो कामगार घरी बसले, पाटी मात्र मैदानावर तशीच! शेवटी क्लबने २१ लाख डॉलर मोजून ते नाव सोडवले. शहाणपण आले का? कुठचे! २००२ मध्येच नाव पुन्हा विकले, कोकाकोलाच्या मिनिट मेडला.

दुसरे सॅन फ्रान्सिस्कोचे. तिथले कँडलस्टिक पार्क शहराच्या मालकीचे होते. लोकांकडून नावे मागवून १९५९ मध्ये हे नाव ठेवले, तेही तिथल्याच जागेचे. १९९५ मध्ये त्यावर थ्रीकॉम कंपनीची पाटी चढली, २००४ मध्ये मॉन्स्टर या केबलवाल्या कंपनीची. लोकांच्या तोंडी जुनेच नाव होते. मग नोव्हेंबर २००४ मध्ये शहराने मतदान घेतले आणि बहुमताने ठरवले, की २००८ मध्ये हा करार संपला की नाव कँडलस्टिक पार्कच.

विरोधकांचे म्हणणे होते, शहराच्या तिजोरीत तूट आहे, येणारा पैसा का सोडायचा? प्रश्न खोटा नाही. गरज सगळ्यांनाच असते. पण गरज आहे म्हणून विकायचे की नाही, हे ज्याची वस्तू त्याने ठरवायचे. सॅन फ्रान्सिस्कोत लोकांनी ठरवले. ह्यूस्टनमध्ये परस्पर ठरले.

आपल्याला हे नवे नाही. आपल्या डोंगराला, ओढ्याला, देवराईला आजोबा-पणजोबांनी दिलेली नावे आहेत. फॉरेस्टच्या कागदावर तिथे नुसता कंपार्टमेंट नंबर. ज्याचे नाव कागदावर, त्याचा हक्क, असे साहेब लोक सांगतात. म्हणून पाटी ही लहान गोष्ट नाही.

उद्या कुणी कंपनीवाला बंधारा नाहीतर शाळेची खोली बांधून देतो म्हणाला आणि पाटी लावायला आला, तर आधी विचारा: जागा कुणाची? श्रम कुणाचे? पाटी किती वर्षे? कंपनी बुडाली तर काढणार कोण? उत्तर सरपंचाच्या ओट्यावर नको, ग्रामसभेत पाहिजे, बायांसकट. गावाची साधनसंपत्ती आणि चालीरीती राखायचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिला आहे. तो वापरायचा.

आणि पोरांना डोंगराची नावे शिकवा. तोंडी आहेत तोवरच ती आपली.

जिंदाबाद!