आधी मोह, मग कास्क

गेल्या शनिवारची गोष्ट. बाणेरमधल्या आमच्या नेहमीच्या पबात आम्ही सहा जण बसलो होतो. त्यातला एक नुकताच दीड वर्ष ऑनसाइट काढून आलाय, इंग्लंडात, लीड्सला. आल्यापासून साहेबांना इथली एकही बिअर पसंत पडत नाही. "ही बिअर मेलेली आहे रे. तिकडे कास्कमधली जिवंत एल मिळते." असं तीनदा म्हणून झाल्यावर त्याने बॅगेतून चक्क एक छापील अर्ज काढला. पबच्या मालकाला विनंती, की आपण कास्क एल सुरू करावी, आम्ही नियमित गिऱ्हाईक आहोत वगैरे. पाच सह्या पटापट झाल्या. सहावी माझी होती. मी केली नाही.

"जाऊ दे, केनवडच्या माणसाला कास्क काय कळणार!" एक जण म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर झोप लागेना. म्हणून म्हटलं, या वीकेंडला सविस्तर उत्तर देऊनच टाकू.

आधी कास्क म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे न कळता बोलतोय असं कुणी म्हणायला नको. एल तयार झाली की ती न गाळता, पाश्चराइझ न करता, यीस्टसकट पिंपात भरतात. पिंपात ती पुन्हा थोडी आंबते आणि तिचा फेस तिचा तीच तयार करते. वरून कार्बन डायऑक्साइड मारत नाहीत. तळघरात साधारण १२ अंशांवर ठेवतात आणि दांडा ओढून हातपंपाने ग्लासात घेतात. एकदा पिंप उघडलं की आत हवा जाते, म्हणून दोन-तीन दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबट. नेहमीच्या लहान पिंपात साधारण ४१ लिटर, म्हणजे ७२ पाइंट बसतात. आणि हो, एल नितळ करायला परंपरेने माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरतात. आमच्या अर्जावर सही करणाऱ्यांत दोन पक्के शाकाहारी आहेत. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

आता तांत्रिक बाजू. एप्रिलमधलं पुणं, बाहेर ३९-४० अंश, आणि मालकाने १२ अंशांची वेगळी खोली चोवीस तास चालू ठेवायची. आमच्या पबात सोमवार ते बुधवार माश्या मारायची वेळ येते. तीन दिवसांत ७२ पाइंट कोण पिणार? आम्ही सहा जण? शिवाय मुळात ज्या दुखण्यावर हे औषध आहे ते दुखणं इथे आहे का? २००९ मध्ये डूलालीने पुण्यात मायक्रोब्रुअरी सुरू केली, तेव्हापासून या शहरात ताजी बिअर मिळतेच आहे. मायक्रोब्रुअरीत बिअर मागच्या टाकीत बनते आणि पुढच्या टेबलावर येते. ती बरेचदा न गाळलेलीच असते. मेलेली म्हणायची तर कारखान्यातल्या बाटलीला म्हणा. तेव्हा कास्कमुळे फरक पडेल, पण व्हर्जन १.० वरून १.१ होण्याइतकाच.

पण सही न करण्याचं माझं खरं कारण हे नाही.

इंग्लंडात कास्क एल टिकली कशी, ते माहीत आहे? १९७१ मध्ये चार मित्रांनी 'काम्रा' नावाची मोहीम सुरू केली. मोठ्या ब्रुअरीज तेव्हा गावोगावची एल बंद करून सगळीकडे एकसारखी पाश्चराइझ केलेली बिअर खपवत होत्या. हे चौघे म्हणाले, आमच्या गावाचं पेय आम्हाला हवंय, ते जुनाट वाटलं तरी चालेल. जर्मनीत काय पितात, अमेरिकेत काय पितात, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. स्वतःच्या पेयाची लाज वाटून घेणं त्यांनी नाकारलं, बस. आपण त्यांचा हातपंप उचलायला निघालोय आणि हट्ट तिथेच सोडून आलोय.

कारण आपल्याकडे जिवंत पेयं नव्हती का? कोकणात माडी, आमच्याकडे शिंदी. सकाळी उतरवलेली दुपारी वेगळी लागते, संध्याकाळी आणखी वेगळी. आयुष्य एक दिवसाचं. कास्कवाल्यांचे तीन दिवस म्हणजे चैनच झाली! आणि सातपुड्यापासून गडचिरोलीपर्यंत मोह. इंजिनिअरिंगला अमरावतीला असताना हॉस्टेलमधल्या एका मित्राच्या घरी गेलो होतो, मेळघाटात, धारणीकडे. मार्च संपत आलेला. पहाटे त्याची आजी आणि बहिणी टोपल्या घेऊन निघाल्या. झाडाखाली फिकट पिवळ्या फुलांचा सडा आणि तो गोड, जड वास. दुपारी अंगणात फुलं वाळत पडली होती. वाळल्या मोहफुलात निम्म्याहून जास्त साखरच असते. त्याची भाकरी होते, गुरांना खायला घालतात, बाजारात विकून मीठमिरची येते आणि दारूही होते. त्या घरात ती देवाला आधी द्यायची, मग माणसांनी घ्यायची.

या पेयाला चोरटं कुणी केलं? १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळणं सरकारी चौकटीत कोंबलं. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांवरच कायदा आला. फुलं वेचणं आणि जवळ बाळगणं हाच गुन्हा! कारण स्वच्छ होतं. घरची फुकटात गाळली तर सरकारी ठेक्याची कोण घेणार? इंग्रज गेले, १९४९ चा दारूबंदी कायदा आला, पण मोहाच्या कपाळावरचा शिक्का तसाच राहिला. महाराष्ट्रात मोहफुलांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठायला २०२१ साल उजाडावं लागलं. पुढच्या वर्षी मंत्रिमंडळाने मोहफुलांच्या आणि काजू बोंडांच्या दारूला 'देशी'तून काढून 'विदेशी मद्या'च्या वर्गात घालायचं ठरवलं. हेतू चांगला होता, किंमत मिळावी हा. पण गंमत बघा राव. मेळघाटातल्या फुलाला प्रतिष्ठा द्यायची तर आधी त्याला विदेशी म्हणावं लागतं!

आणि आमच्या टेबलावर काय चालू होतं? आयपीए. इंडिया पेल एल. इथल्या गोऱ्यांसाठी लंडनहून जहाजाने पिंपं यायची, त्यावरून पडलेलं नाव. ४०० रुपयांना ग्लास. तीच मंडळी मोह म्हटलं की नाक मुरडतात, "ई, हातभट्टी!" आंबलेल्या एलचा वास 'कॅरेक्टर' आणि आंबलेल्या मोहाचा वास म्हणजे बास मारतो. हा जिभेचा निर्णय नाही हो, जातीचा आणि खिशाचा आहे.

आता दुसरी बाजू. ती मला बाहेरून कुणी सांगायची गरज नाही. माझ्या वडिलांचे एक चुलतभाऊ दारूने गेले. साडेतीन एकर सोयाबीनचं वावर आधी गेलं, मग ते गेले. काकू आजही लोकांच्या शेतात निंदायला जातात. हे सगळं आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काहून रे, याच्यासाठीच इंजिनेर केलं का तुले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती बायकांच्या आणि गावांच्या लढ्यातून आली. चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. 'आडवी बाटली' करून दुकान बंद पाडणाऱ्या बायकांना अडाणी म्हणायची माझी हिंमत नाही, इच्छा तर नाहीच.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. काका जी पीत होते ती मोहाची नव्हती. ती परवानाधारक दुकानातली, सील असलेली, सरकारला कर भरलेली देशी होती, उसाच्या मळीपासून केलेली. म्हणजे कायद्याने जी रेघ ओढली आहे ती घर मोडणारी आणि न मोडणारी दारू यांच्यामधली नाही. आणि विषारी दारूचं म्हणाल, तर २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली ती मिथेनॉलने, कारखान्यात वापरायच्या रसायनाने. जे पेय उघड्यावर तपासलं जात नाही त्याच्याच नावाखाली असलं विष खपतं. म्हणून ते उजेडात आणायला हवं. गोव्याने हे केलं. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये फेणी वारसा पेय ठरली. आज पर्यटक ती अभिमानाने घरी नेतात.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून पूर्ण सापडलेलं नाही. एवढं म्हणेन, की मी गावात नवीन दुकान मागत नाहीये. केनवडला तर अजिबात नको. ज्या गावाने बाटली आडवी केली तिथे ती आडवीच राहू दे. मी बोलतोय बाणेरबद्दल, जिथे आम्ही तसंही पिणारच आहोत. प्रश्न फक्त एवढाच, की आमच्या ४०० रुपयांतले चार रुपये तरी त्या टोपलीवाल्या आजीपर्यंत पोचणार का?

म्हणून अर्जाला माझा पॅच. पिंपातल्या दुसऱ्या आंबण्यासाठी यीस्टला थोडी साखर लागते. ती साखर मोहफुलांची असू दे. फुलं मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या वेचणाऱ्यांकडून थेट आणि योग्य भावाने घ्या. फळ्यावर आयपीएच्या शेजारी त्यांच्या गावाचं नाव लिहा. आणि परवानाधारक निर्मात्याची, तपासलेली मोहाची बाटली मिळेल तेव्हा ती व्हिस्कीच्या रांगेत ठेवा, खालच्या फळीवर लपवून नको. मालक म्हणेल, "मागणी कुठे आहे?" अहो, सहा सह्या म्हणजे दुसरं काय असतं?

एवढं अर्जात घाला, पहिली सही माझी. ७२ पाइंट संपवायलाही येतो, सोमवारी सुद्धा. नाहीतर तो हातपंप लीड्सलाच बरा आहे.

असो. आज पुन्हा शनिवार आहे आणि मित्राचा फोन येऊन गेलाय. अर्जाची प्रिंट काढून निघतोय.